संगणकावरील ‘यूझर प्रोफाइल’ : लोप व पुनःप्राप्ती

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकी गेली. उपनगरी गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि वीज टप्प्याटप्प्याने परत येता येता काही ठिकाणी संध्याकाळ झाली. त्या वेळी अंधेरीच्या पश्चिमेस, वेसाव्यास, आमच्या विभागाची एक संशोधक विद्यार्थिनी घरच्या संगणकावर आपल्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण लिहीत बसली होती. संगणक टेबलावर ठेवावयाचा, म्हणजे अंगची बॅटरी नसलेला. यूपीएस घ्यावयाचा राहून गेलेला. दुपारी वीज आल्यावर तिने तो सुरू केला आणि नेहमीप्रमाणे परवलीचा शब्द दिला. पडदा उजळला, पण तो तिचा नव्हता. कारखान्यातून आल्यासारखी निळी पार्श्वभूमी, रिकामा डेस्कटॉप, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये एकही फाइल नाही, आणि कोपऱ्यात एक सूचना : आपणांस तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश देण्यात आला आहे.

वेसावे येथील कोळी बोलीचे चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण, त्याचे लिप्यंतर, शब्दसंग्रह आणि प्रबंधाची दोन पुरी प्रकरणे त्या संगणकावर होती. प्रत काढून ठेवली होती, पण आठ महिन्यांपूर्वीची. ज्या दोन वृद्ध निवेदकांचे मुद्रण तिने त्यानंतर केले होते, त्यांच्यापैकी एक त्या पावसाळ्यात निवर्तले होते. ते मुद्रण पुन्हा होण्यासारखे नव्हते.

मी मुलुंडला राहतो. उपनगरी गाड्यांत त्या दिवसांत सर्वसामान्यांस प्रवेश नव्हता. त्यामुळे पुढील तीन दिवसांचा सर्व व्यवहार दूरध्वनीवर झाला. “सर, सगळं गेलं,” हे तिचे पहिले वाक्य. दुसरे असे की, जवळच्या एका दुकानदाराने ‘यूझर्स’ फोल्डरातील फायली काढून घेऊन विंडोज नव्याने घालून देण्याचे कबूल केले आहे. या दुसऱ्या वाक्याने माझ्या काळजाचा ठोका चुकला, त्याचे कारण पुढे येईल.

प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तथापि आपल्या विषयाची बहुतेक सामग्री आता या यंत्रांत राहते, आणि तिच्यावर असा प्रसंग आला असता काय करावे याची माहिती विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना नसते, हे त्या आठवड्यात ध्यानात आले. म्हणून हा लेख.

पाणिनीच्या व्याकरणात ‘लोप’ ही संज्ञा नाशाला दिलेली नसून अदर्शनाला दिलेली आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नकोच. जे एरवी दिसले असते ते दिसेनासे होणे, एवढाच तिचा अर्थ. प्रोफाइल ‘गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा याच अर्थाचा लोप झालेला असतो. खरा नाश त्यानंतर होतो, आणि तो बहुतांशी घाबरलेल्या माणसाच्या हातून होतो.

‘प्रोफाइल’ या शब्दाला ‘रूपरेखा’ असा पर्याय सुचवता येईल, परंतु तो येथे दिशाभूल करील. रूपरेखा ही वस्तूची बाह्याकृती. विंडोजमधील प्रोफाइल म्हणजे त्या यंत्रात एका माणसाने थाटलेले बिऱ्हाड होय. यंत्र एक, पण त्यात खोल्या अनेक, आणि प्रत्येक खोलीत ज्याचा त्याचा संसार. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ही बिऱ्हाडे सी ड्राइव्हवरील ‘यूझर्स’ या फोल्डरात असतात. एक्सपीच्या काळी ती ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये असत. खोलीत प्रथमदर्शनी जे दिसते ते म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, चित्रे, ध्वनी. त्यांच्यामागे ‘ॲपडेटा’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. त्यात निरनिराळे प्रोग्राम त्या माणसापुरत्या आठवणी ठेवतात. आणि खोलीच्या दाराशीच ‘एनटीयूझर.डॅट’ या नावाची, तीही लपवलेली, एक फाइल असते. तिच्यात त्या माणसाच्या सर्व आवडीनिवडी नोंदलेल्या असतात : पार्श्वभूमी कोणती, कळफलक कोणता, कोणता प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा, इत्यादी. आपण मराठी कळफलक निवडलेला असला तर तेथे ‘मराठी’ हा शब्द आढळत नाही. ०४४ई हा षोडशमान पद्धतीतील अंक आढळतो, दशमानात ११०२. विंडोजच्या लेखी आपल्या भाषेचे नाव ते आहे.

माणसाच्या बाबतीतही तसेच. आपण खात्याला कोणतेही नाव दिले, तरी यंत्र त्या नावाने व्यवहार करीत नाही. खाते उघडताच त्याला ‘सिक्युरिटी आयडेंटिफायर’, संक्षेपाने ‘सिड’, असा एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो, मग त्या यंत्राची ओळख सांगणाऱ्या तीन मोठ्या संख्या येतात, आणि शेवटी खात्याचा स्वतःचा अंक. यंत्राबरोबर आलेल्या प्रशासकाचा शेवटचा अंक ५००, पाहुण्याचा ५०१. आपण उघडलेल्या खात्यांचे अंक १००० पासून पुढे जातात. खात्याचे नाव बदलले तरी सिड बदलत नाही, आणि फोल्डराचे नावही बदलत नाही. लग्नानंतर आडनाव बदलून घेतलेल्या अनेक प्राध्यापिकांची संगणकावरील खोली अजून माहेरच्या नावाने आहे. उलट, एक खाते काढून टाकून त्याच नावाचे दुसरे उघडले, तर यंत्राच्या दृष्टीने तो सर्वस्वी दुसरा माणूस ठरतो. शब्द एक, अर्थ दोन, असा हा अनेकार्थतेचा प्रकार आहे. फायलींवरील हक्कही नावावर नसून सिडवर असतात. म्हणून खाते काढल्यानंतर जुन्या फायलींच्या गुणधर्मांत ‘अज्ञात खाते’ म्हणून तो उघडा क्रमांक दिसू लागतो. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य मागे राहते, या व्याकरणातील नियमाची येथे आठवण होते.

आता प्रवेशाच्या वेळी काय घडते ते पाहू. परवलीचा शब्द जुळला की यंत्राच्या हाती सिड येतो. रेजिस्ट्री नावाची जी विंडोजची मध्यवर्ती नोंदवही आहे, तिच्यात ‘प्रोफाइललिस्ट’ या नावाचे एक प्रकरण आहे. चाळीच्या मालकाकडे कोणत्या खोलीत कोण राहतो याची वही असावी, तसे ते आहे. यंत्र तेथे तो सिड शोधते, त्यापुढे लिहिलेला फोल्डराचा पत्ता वाचते, त्या पत्त्यावर जाऊन एनटीयूझर.डॅट उघडते आणि तिची नोंदवहीला जोड देते. मगच आपला डेस्कटॉप दिसतो. या साखळीतील कोणतीही कडी निखळली की विंडोज माणसाला दारातून परत पाठवीत नाही, ‘टेम्प’ नावाची एक नवी खोली उघडून देते. ही धर्मशाळेची खोली. सकाळी पाहुणा गेला की झाडून रिकामी होते.

हे न कळल्यामुळे आमच्या विद्यार्थिनीचे एकमेव असे नुकसान झाले की जे भरून निघाले नाही. मला दूरध्वनी करण्यापूर्वी, निदान तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा भाग आठवतो आहे तोवर उतरवावा म्हणून तिने त्या तात्पुरत्या डेस्कटॉपवर दीड पान लिहून जतन केले होते. पुन्हा सुरू केल्यावर ते पान नव्हते. तेव्हा पहिला नियम हा की, तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही लिहू नये; लिहिणे अपरिहार्यच असेल तर पेनड्राइव्हवर लिहावे.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘बिघडलेले’ खाते काढून टाकण्याची बुद्धी होते, ती आवरावी. तेथे खात्याबरोबर त्याची सामग्रीही काढली जाईल असा इशारा दिलेला असतो, आणि ते अक्षरशः खरे असते.

मी तिला प्रथम यंत्र दोनदा पुन्हा सुरू करावयास सांगितले. हे भाबडेपणाचे वाटेल, परंतु पुष्कळदा विषाणुरोधक प्रोग्राम किंवा एखादे अर्धवट अद्ययावतीकरण प्रवेशाच्या क्षणी एनटीयूझर.डॅट धरून बसलेले असते, आणि दुसऱ्या खेपेस ती मोकळी मिळते. येथे तसे झाले नाही. मग ‘यूझर्स’ फोल्डर उघडावयास लावला. तेथे तिच्या नावाचा फोल्डर होता. शेजारी ‘टेम्प’ होता. तिच्या फोल्डराचा आकार विचारला. अडतीस गिगाबाइट. प्रतिसेकंद ४४,१०० नमुने व १६ बिटे या मापाने केलेले एकपदरी मुद्रण तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट होते. चाळीस तासांचे जवळजवळ १३ गिगाबाइट. बाकीचे छायाचित्रे, चलचित्रे वगैरे. म्हणजे हिशेब जुळत होता. लोप झाला होता, नाश नाही.

(ज्यांना असा फोल्डर सापडत नाही त्यांनी नावाच्या पुढे शेपूट लागलेले फोल्डर पाहावेत. जुन्या नावाचा फोल्डर अस्तित्वात असताना नवा करावयाची वेळ आली तर विंडोज नावापुढे यंत्राचे नाव किंवा .०००, .००१ असे अंक जोडते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करणाऱ्यांच्या फोल्डराचे नाव ई-मेलच्या पहिल्या पाच अक्षरांचे असते. ते ओळखीचे वाटत नाही म्हणून पुष्कळजण ते परक्याचे समजतात. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांचे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळातच वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवलेले असू शकतात, हेही ध्यानात असावे.)

यापुढे काही करण्यापूर्वी सबंध फोल्डराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे हे कर्तव्य होय. यात एक खाच आहे. जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून विंडोजने प्रोफाइलमध्ये काही आभासी वाटा ठेवल्या आहेत, आणि त्यांतील एक ‘ॲपडेटा’च्या पोटातून पुन्हा त्याच जागी येते. भोळी प्रत काढणारा प्रोग्राम त्या वाटेने गोल गोल फिरत राहतो. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा ‘एक्सजे’ या खुणेसह दिली असता ती अशा वाटा वगळते. तिच्या शेजाऱ्यांची बाह्य डिस्क मागून आणली. प्रत घ्यावयास रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी कारणाचा शोध. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ या नोंदीत ‘यूझर प्रोफाइल सर्व्हिस’ने काही क्रमांक लिहून ठेवलेले असतात. १५११ म्हणजे स्थानिक प्रोफाइल न सापडल्याने तात्पुरते दिले. १५१५ म्हणजे या प्रोफाइलची नोंद बाजूस ठेवली. १५०८ म्हणजे माणसाची रेजिस्ट्री, अर्थात एनटीयूझर.डॅट, उघडता आली नाही. तिच्याकडे हे तिन्ही होते.

यांतील १५१५ च्या मागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे, कारण बहुसंख्य रुग्णांचा आजार येथेच बरा होतो. प्रोफाइल उघडले नाही की विंडोज ‘प्रोफाइललिस्ट’मधील त्या सिडच्या नोंदीपुढे ‘.बॅक’ असे शेपूट लावते (रोमन लिपीत बी, ए, के), आणि त्याच सिडची दुसरी, शेपूट नसलेली, नोंद करून तिच्यात ‘टेम्प’चा पत्ता लिहिते. कारण तात्पुरते असले तरी शेपूट राहून जाते, आणि पुढच्या प्रत्येक प्रवेशास यंत्र नवी नोंद वाचून धर्मशाळेतच नेते. उपाय सरळ आहे. प्रथम ‘प्रोफाइललिस्ट’ या प्रकरणाची प्रत निर्यात करून ठेवावी. मग शेपूट नसलेल्या नोंदीला कोणतेतरी वेगळे शेपूट जोडून बाजूस सारावे, आणि ‘.बॅक’ असलेल्या नोंदीचे शेपूट काढावे. तिच्यातील ‘प्रोफाइलइमेजपाथ’मध्ये योग्य फोल्डराचा पत्ता आहे ना हे पाहावे, ‘स्टेट’ व ‘रेफकाउंट’ ही मूल्ये असल्यास शून्य करावी, आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. हे काम प्रशासकाचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून करणे बरे. तसे खाते नसेल तर घाबरू नये. खोली तात्पुरती असली तरी माणूस तोच असतो, त्याचे अधिकार शाबूत असतात, आणि त्या तात्पुरत्या खोलीत बसूनच नवे प्रशासक-खाते उघडता येते. रेजिस्ट्रीत काम करणे म्हणजे हस्तलिखिताच्या एकमेव प्रतीवर पेन्सिल चालवणे आहे. नोंद पुसण्याऐवजी तिचे नाव बदलावे, म्हणजे पाऊल मागे घेता येते.

आम्ही दूरध्वनीवर एकेक अक्षर उच्चारून हे केले. उच्चारशास्त्र शिकवण्यात आयुष्याची पंधरा वर्षे घालवल्यावर ‘बी’ आणि ‘डी’ यांचा दूरध्वनीवर घोटाळा होतो याचा हा असा प्रत्यय यावयाचा होता. यंत्र पुन्हा सुरू केले. पुन्हा ‘टेम्प’. पत्ता दुरुस्त झाला होता, पण खोलीचे कुलूपच मोडले होते; १५०८ चा अर्थ तो.

एनटीयूझर.डॅट कशी बिघडते हे वीज जाण्याच्या संदर्भात पाहणे उद्बोधक आहे. या फाइलीच्या आरंभी ‘आर-ई-जी-एफ’ ही चार अक्षरे असतात आणि त्यांच्या पाठोपाठ दोन क्रमांक. फाइलीत बदल लिहावयास घेताना पहिला क्रमांक एकाने वाढतो, आणि लेखन पुरे झाल्यावर दुसरा वाढतो. दोन्ही समान असतील तर मजकूर निर्दोष. भिन्न असतील तर यंत्र ओळखते की लेखक वाक्य अर्धे टाकून उठला. ते वाक्य पुरे करता यावे म्हणून बदलांची टिपणे आधी दोन जोड-फायलींत लिहिलेली असतात, त्यांची नावे ‘लॉग१’ व ‘लॉग२’ या शेपटांची. पुष्कळदा त्यांच्या आधारे दुरुस्ती आपोआप होते आणि आपल्याला कळतही नाही. पण डिस्कवरील त्या टिपणांचाच भाग अर्धवट लिहिला गेला असेल तर इलाज चालत नाही. बहुधा तेच येथे झाले असावे.

निश्चिती करण्याची रीत अशी. दुसऱ्या प्रशासक-खात्यातून रेजिस्ट्री-संपादक उघडून ‘एचकी यूझर्स’ निवडावे, ‘लोड हाइव्ह’ या आज्ञेने ती एनटीयूझर.डॅट जोडून पाहावी. जोडली गेली तर ती निरोगी. मग तिला परत ‘अनलोड’ करण्यास विसरू नये, नाहीतर तीच पुढच्या प्रवेशात अडथळा होईल. येथे ती जोडली गेली नाही. यंत्रावर ‘सिस्टिम रिस्टोर’ चालू असते तर आधीच्या पुनर्स्थापन-बिंदूवर जाऊन जुनी प्रत मिळण्याचा संभव होता, कारण त्या सोयीत रेजिस्ट्रीचा समावेश असतो, दस्तऐवजांचा नसतो. तिच्याकडे ती बंद होती. पुष्कळ जुन्या मार्गदर्शनात ‘रेगबॅक’ फोल्डरातील प्रती वापरा असे सांगितलेले आढळते. तो मार्ग धरू नये : त्या प्रती यंत्राच्या नोंदवहीच्या असत, माणसाच्या नव्हेत, आणि विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून त्या आपोआप काढल्याच जात नाहीत.

उरला एकच मार्ग : नवे खाते उघडून जुन्या खोलीतील सामान नव्या खोलीत नेणे. नव्या खात्यातून एकदा प्रवेश करून बाहेर पडावे, म्हणजे खोली बांधली जाते. मग तिसऱ्या खात्यातून जुन्या फोल्डरातील मजकूर हलवावा. हलवावा म्हणण्यापेक्षा त्याची प्रत करावी. एनटीयूझर या नावाने सुरू होणाऱ्या फायली मात्र नेऊ नयेत; बिघाड त्यांच्यातच आहे, आणि नव्या खोलीला तिची स्वतःची आहे. ॲपडेटासुद्धा सरसकट नेऊ नये, निवडून न्यावा.

ही निवड आपल्या विषयाच्या माणसाने स्वतः केली पाहिजे; दुकानदारास ती करता येणार नाही. वर्डमध्ये शब्द तपासताना ‘कोशात घाला’ असे म्हणून आपण जे शब्द स्वीकारतो, ते ॲपडेटातील ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘यूप्रूफ’ या वाटेने गेल्यावर ‘कस्टम.डिक’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत साठतात. आमच्या विद्यार्थिनीने वर्षभरात वेसाव्याच्या बोलीतील शेकडो रूपे, जाळ्यांची व मासळीची नावे, तेथे नकळत घातली होती. ती फाइल म्हणजे त्या बोलीचा एक अनियोजित शब्दकोशच होता, आणि त्यातील काही रूपे तिच्या अधिकृत यादीत आढळली नाहीत! जतन न केलेल्या वर्ड-दस्तऐवजांचे अवशेषही ॲपडेटातच असतात. तिसऱ्या प्रकरणाची वीज जाण्यापूर्वी दहा मिनिटांची अवस्था त्यांतून मिळाली.

उलट, ‘फील्डवर्क्स’ या कोशरचनेच्या प्रोग्रामाचे प्रकल्प प्रोफाइलमध्ये नसतातच. ते सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात, ‘सिल’च्या पोटी असतात. आरंभी म्हटले ते कारण हेच. दुकानदार प्रामाणिकपणे ‘यूझर्स’ फोल्डराची प्रत घेणार होता आणि नंतर डिस्क कोरी करणार होता. अर्थ, उदाहरणे व व्याकरणिक वर्ग यांसह रचलेला सबंध शब्दसंग्रह त्या क्षणी गेला असता, आणि तो अदर्शनाच्या अर्थाने नव्हे.

सामान लागल्यावर तिने प्रबंधाचे पहिले प्रकरण उघडले आणि पुन्हा रडकुंडीस आली. पानभर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ. ‘फाइल बिघडली’ असे तिने सांगितले. फाइल बिघडलेली नव्हती. ते प्रकरण तिने पूर्वी एका अ-युनिकोड मराठी फॉन्टात टंकलेले होते. युनिकोडमध्ये ‘क’ या वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या असतात, आणि तो फॉन्ट हजर असेपर्यंतच ते मराठी दिसते. मजकूर मराठी आहे ही माहिती फाइलीत नाही, फॉन्टात आहे. २०१८ च्या अखेरच्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोजमध्ये साध्या रीतीने घातलेला फॉन्ट सर्व यंत्राला न मिळता त्या एकाच माणसाला मिळतो, आणि तो ॲपडेटातील ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या जागी राहतो. जुन्या खोलीतून तो काढून नव्या खात्यात घातला, या वेळी ‘सर्वांसाठी’ असा पर्याय निवडून, आणि प्रकरण वाचता येऊ लागले. ज्यांचे जुने लेखन अशा फॉन्टांत आहे त्यांनी प्रोफाइल शाबूत असतानाच ते युनिकोडमध्ये आणून ठेवावे.

काही वस्तू मात्र प्रत करूनही येत नाहीत. क्रोममध्ये जतन केलेले परवलीचे शब्द विंडोजच्या अशा गूढलेखनात असतात की, ज्याची किल्ली त्या माणसाच्या सिडशी व परवलीच्या शब्दाशी बांधलेली आहे. दुसऱ्या खात्यात ती फाइल नेली तरी कुलूप उघडत नाही. फायरफॉक्सची किल्ली त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते, म्हणून तो फोल्डर नेला की शब्दही येतात. विंडोजमधील ‘एन्क्रिप्ट’ ही खूण करून ठेवलेल्या फायलींची स्थिती क्रोमसारखीच. त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची प्रत आधीच काढलेली असावी लागते. आणि प्रशासकाने एखाद्या स्थानिक खात्याचा परवलीचा शब्द ‘रीसेट’ केला, तर अशा फायली जुन्या खोलीतही उघडेनाशा होतात. सबंध डिस्कवर बिटलॉकर असेल तर ४८ अंकी पुनःप्राप्ति-क्रमांक हाताशी नसता यंत्र उघडून डिस्क दुसरीकडे लावण्याचा काही उपयोग नाही.

फोल्डरच सापडला नाही तर काय, हा प्रश्न राहतो. त्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. विंडोजची आवृत्ती नुकतीच बदलली असेल तर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये जुनी बिऱ्हाडे साधारणतः दहा दिवस ठेवलेली असतात; तेथे पाहावे. तेथेही नसेल तर यंत्र तत्काळ बंद करावे व जाणत्याकडे न्यावे, कारण चालू यंत्र रिकाम्या जागेवर सतत काहीतरी लिहीत असते. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळे. आताच्या एसएसडी डिस्कवर पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, आणि आशा फार कमी उरते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेल्या उपर्युक्त १८०९ या आवृत्तीने काही लोकांचे दस्तऐवज खरोखरच पुसले होते. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचे वितरण थांबवले, आणि १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू केले. ज्यांच्यापाशी दुसरीकडे प्रत होती ते निभावले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परंतु प्रोफाइलची वर सांगितलेली रचना विंडोज ११ मध्येही तीच आहे.

तिसऱ्या दिवशी रात्री मुद्रणाच्या सर्व फायली तिने एकेक उघडून ऐकल्या, आणि निवर्तलेल्या निवेदकांचा आवाज लागल्यावर मला दूरध्वनी करून तो ऐकवला. जुने खाते आम्ही प्रबंध सादर होईपर्यंत काढले नाही. त्यानंतर काढले. तिच्या बाह्य डिस्कवरील त्या मुद्रणांच्या गुणधर्मांत मालक म्हणून अजून एक अज्ञात खाते दिसते. त्याचा शेवटचा अंक १००१ आहे.